शालूबाईचं साल

आमच्या घरात ‘साल’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. माझे आजोबा आयुष्यभर सालदार होते. पाडव्याला साल ठरायचं, आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या शेतकऱ्याचा. उठायचं त्याच्या वेळेला, झोपायचं त्याच्या गोठ्यात, पोरगी तापानं फणफणली तरी विचारून घरी जायचं. ती तापानं फणफणलेली पोरगी म्हणजे माझी आई. त्यामुळे वर्ध्याच्या एका संस्थेची माणसं सिंदीला येऊन आमच्या ओसरीवर बसली आणि समजावू लागली, की मुलीला नर्सिंग आम्ही शिकवतो, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश सगळं आमच्याकडे, फक्त शिक्षण झाल्यावर दोन वर्षं आम्ही सांगू त्या गावात काम करायचं, तेव्हा आईनं चहाचे कप खाली ठेवले आणि दारातूनच म्हणाली, “हे त सालच झालं. इंग्रजीत बाँड म्हणून राह्यले, एवढंच.” माणसं हसली. आई हसली नाही.

बाबा मात्र खूश होते. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि यंत्रांपाशी उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे साधी गोष्टही ते भांडल्यासारखी बोलत. “अवं, सालात खुरपं हातात देतात, इथं शिक्षण देऊन राह्यले!” ते ओरडले. “फरक हाये का नाई?” आमचं घर जिनिंगच्या मागच्याच गल्लीत. कापसाच्या दिवसांत दिवसभर यंत्रांची घरघर, अधूनमधून रेल्वेची शिट्टी, आणि हवेत रुईचे बारीक तंतू. आई पातोडीचा रस्सा करायला बसली की आधी पातेल्यावर फडकं बांधायची, तरी एखादा तंतू रश्श्यात उतरायचाच, आणि बाबा तो बोटानं काढून म्हणायचे, “मालकानं पाठवला, घ्या.” तो झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकर आणि सगळ्यांनी एकमेकांवर ओरडत जेवणं, हे मला इतकं सवयीचं होतं, की शांतता नावाची काही चीज जगात असते हे मला ठाऊकच नव्हतं. संस्थेनं पाठवलेल्या गावाला गेल्यावर ते कळलं.

शिक्षण झालं, पास झाले, पांढरा गणवेश अंगावर आला. मला नेमून दिलेलं गाव हिंगणीच्या पुढं, धरणाच्या अंगाला, जंगलाच्या तोंडाशी होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासणी, मागच्या खोलीत मी, आणि त्यामागं एक ओटा. ओट्यावरून सागाची झाडं दिसायची आणि झाडांच्या फटींतून धरणाचं पाणी. भर दुपारी ते पाणी हलायचं नाही, पानही हलायचं नाही, कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. मी पहिल्या दुपारी त्या ओट्यावर बसले आणि मला माझ्याच कानांत काहीतरी वाजतंय असं वाटू लागलं. बऱ्याच वेळानं कळलं, की काहीच वाजत नव्हतं.

गावात शिरल्या शिरल्या एक म्हातारा समोर आला आणि अगदी सहज म्हणाला, “आली का शालूबाई?” मी म्हटलं, “मी विशाखा.” त्यानं मान डोलावली आणि माझी पिशवी घेतली. विहिरीवरच्या बायांनी तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं. लहान मूल आपलं नाव राजा सांगतं तेव्हा आपण जसं ‘बरं बरं’ करतो, तशा त्या हसल्या. मला वाटलं, आधीच्या नर्सचं नाव तोंडात बसलं असेल. पोस्टमन बदलला तरी लोक आठवडाभर जुन्याचं नाव घेतातच की.

उपकेंद्राला लागून अंजनाबाईंचं घर आणि किराण्याचं छोटं दुकान होतं. त्यांचा मुलगा जीपनं वर्ध्याहून माल आणायचा आणि सून सुनंदा दुकानात बसायची. सुनंदाला तेव्हा दिवस होते, पहिला मुलगा तीन वर्षांचा. अंजनाबाईंनी पहिल्याच दिवशी गावाची रीत सांगितली. नर्सबाईनं चूल पेटवायची नाही. जेवण रोज एका घरून येईल, पाळीनं. “तू आमच्यासाठी आली, तुले आमी उपाशी ठेवू का व?” संध्याकाळी ताट आलं. गोळाभात, वर हिंग-लसणाचं तेल, बाजूला कढी. आणि त्याच्यामागं दुसरं ताट आलं, तसंच भरलेलं, ते त्या बाईनं माझ्या हातात न देता सरळ मागच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

आमचं आडनाव ऐकून ताटं वेगळी होण्याचा अनुभव आम्हाला नवा नव्हता. मला वाटलं, हातातलं ताट नुसतं दाखवायला आणि खरं माझं ताट ते, बाहेरचं. मी तरातरा अंजनाबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं, की माझं ताट घरात का बाहेर, ते एकदाच सांगून टाका. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “अवं पोरी, तसं काई नाई. मह्या घरात बसून जेव तू, मह्या ताटात जेव. ते बाहेरचं तुहं नोय. ते शालूबाईचं हाये.”

“शालूबाई येणार आहेत का?”

“ते मेली नं बापा,” अंजनाबाई म्हणाल्या. “ताप आला अन् गेली. मागच्या खोलीतच.”

मी त्या खोलीत सामान लावून आले होते. अंजनाबाई सुपातले तांदूळ निवडत शांतपणे सांगत राहिल्या. शालूबाई म्हणजे संस्थेनं शिकवून पाठवलेली पहिली मुलगी. तिची दोन वर्षं पुरी व्हायची होती. “साल अर्धं टाकून माणूस जात नाई. आमच्या इथं गडी मेला त त्याच्या घरचा दुसरा येते, भाऊ म्हणा, लेक म्हणा, अन् राह्यलेलं साल पुरं करते. तवरोक त्यालेबी त्याच नावानं हाक मारतो आमी. नाई त मेलेला मोकळा होत नाई, तो कामावर येतच राह्यते. तिच्या घरचं कोणी आलं नाई. संस्थेचीच पोरगी म्हणून आता तू आली.” मी म्हटलं, नर्स म्हणजे सालदार नव्हे, ही सरकारमान्य नोकरी आहे, आणि मेलेलं माणूस मेलेलं असतं. त्यांनी वाद घातला नाही. “तू येईपावतर दीड वरीस इथं कोणी नोतं,” त्या म्हणाल्या. “ताट रोज ठेवलं. रोज सकाळी खाली, अन् राखेनं घासून पालथं ठेवलेलं. सांग बरं, माकडं ताट घासतात का?”

आमच्या घरात भूतखेत नव्हतंच. बाबा म्हणत, जे दिसत नाही ते नसतं, आणि असलंच तर ते जिनिंगमध्ये काम मागायला आलं असतं. मी तीच गोष्ट स्वतःला सांगत झोपले. सकाळी ओट्यावरचं ताट पालथं होतं, लख्ख, आणि त्याच्या काठाला ओली राख होती. गावातलंच कुणीतरी पहाटे येऊन घासत असणार, अशी मी मनाची समजूत घातली, आणि आजही दिवसाउजेडी कुणी विचारलं तर मी हेच सांगीन. पण मी कधी पहाटे उठून पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही, हे खरं आहे.

लसीकरणाच्या दिवशी एक बाई मांडीवर पोर घेऊन आली. पोर आठेक महिन्यांचं, गुटगुटीत. मी पहिली लस द्यायला दंड मोकळा केला, तर तिथं लसीचा व्रण आधीच उमटलेला. “कुठं टोचून आणलं?” मी विचारलं. “इथंच,” ती म्हणाली. “शालूबाईनं टोचलं, सव्वा महिन्याचं होतं तवा.” मी शालूबाई कधी वारली ते आठवून पाहिलं, पोराचं वय आठवून पाहिलं; ती गेली तेव्हा हे पोर जन्मलंही नव्हतं. मी दुसऱ्या पोराला हाक मारली. शेजारच्या गावच्या नर्सनं दिली असेल. असेलच. त्या बाईनं जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “तुह्याच हातचं हाये, भुलली का?”

मी ठरवलं होतं, या नावाला ओ द्यायची नाही. ‘शालूबाई’ म्हटलं की मी मान खाली घालून काम करत राही. माझं ध्येय सरळ होतं. दोन वर्षं काढायची, मोकळं व्हायचं, वर्ध्यात मोठ्या दवाखान्यात लागायचं आणि आईला त्या गल्लीतून बाहेर काढायचं. त्यातच एकदा आई मला भेटायला आली, डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन. ती एस्टीतून उतरून उपकेंद्रापर्यंत येईतो रस्त्यात लोकांनी तिला विचारलं, “शालूबाईची माय काय व?” आईनं डबा ठेवला, पाणीही प्यायली नाही, आणि सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या ताटाकडे तिनं एकदाच पाहिलं. बाबांसारखं ती हसण्यावारी नेईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “विशू, जीव गेला तरी त्या नावाले ओ देजो नको. हे लोक वाईट नाईत. पण मी साल पाह्यलं हाये. ओ दिली की माणूस त्याइचा.” तिचे ओठ पांढरे पडले होते. आईला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळा लागला. सागाची पानं गळून रस्त्यावर पसरली होती, त्यांवरून कुणी चाललं की लांबवरून आवाज येई, आणि कधीकधी आवाज येई पण कुणी दिसत नसे. अशाच एका टळटळीत दुपारी सुनंदा बाळंत झाली. मुलगी झाली, व्यवस्थित रडली, वारही पडली. मी हात धुवायला वळले आणि अंजनाबाई ओरडल्या. रक्त थांबत नव्हतं. बाजेखाली मातीच्या जमिनीवर डबकं होऊ लागलं. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळू लागले, अंजनाबाईंच्या मुलाला जीप लावायला सांगितलं. पण वर्ध्यापर्यंतचा रस्ता मोठा होता, आणि रक्त आधी इथं, हातानं दाबून थांबवल्याशिवाय ती जीपमध्ये जिवंत राहिली नसती. एक हात आत, एक हात पोटावर, दोन्हींमध्ये गर्भाशय आवळून धरायचं. मी ते पुस्तकात पाहिलं होतं. कधी केलं नव्हतं.

आणि सुनंदा मला हात लावू देईना. तिनं पाय आवळून घेतले. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून सरकून मागं जात होते. “हे कोण हाये? हिले दूर करा. शालूबाईले बोलवा, तिच्या हाताबिगर मी नाई…” रोज माझ्याशी दुकानात गप्पा मारणारी सुनंदा. मी म्हटलं, सुनंदा, मी विशाखा, पाय सोड. ती बाजेचा काठ धरून अजूनच आक्रसली आणि दाराकडे पाहत हाका मारू लागली. “शालूबाई! ओ शालूबाई!” आवाज दर वेळी बारीक होत होता. अंजनाबाईंनी माझं मनगट धरलं. “ओ दे नं व. तुह्या पाया पडतो. ओ दे.”

मला आईचे पांढरे ओठ दिसले. मी घाबरले होते, रक्ताला नव्हे, त्या एका अक्षराला. हे मी आज लिहिते आहे तेव्हा हास्यास्पद वाटतं. समोर बाई मरत होती आणि मी एका हाकेला घाबरत होते. सुनंदानं आणखी एकदा हाक मारली आणि मी म्हटलं, “ओ. आली मी, सुनंदा.”

मागच्या ओट्यावर ताट वाजलं. कुणी उचलून घ्यावं, तसं. अंजनाबाईंनी ऐकलं, मीही ऐकलं, दोघींनीही तिकडे पाहिलं नाही. सुनंदानं पाय सोडले. माझे हात माझ्याआधी पुढं गेले. कुठं दाबायचं, किती दाबायचं, केव्हा थोडं ढिलं करायचं, त्यांना सगळं माहीत होतं. मी नुसती त्यांच्यामागं बसले होते. त्या भट्टीसारख्या खोलीत सुनंदा डोळे मिटून म्हणाली, “हात गारच हायेत तुहे, शालूबाई. मागच्या खेपीसारखे.” हळूहळू हाताखालचं मऊ कठीण झालं, रक्ताची धार थांबली, आणि आम्ही तिला जीपमध्ये घातलं. वर्ध्याला पोचेपर्यंत मी हात काढले नाहीत. सुनंदा वाचली, तिची मुलगी वाचली. त्या मुलीचं लग्न होऊन आता तिला मुलं आहेत.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा संध्याकाळी एकच ताट आलं. मी दुसऱ्याची वाट पाहिली. ते आलं नाही, पुन्हा कधीच आलं नाही. गाव माझ्यावर आधीपेक्षा जास्त माया करू लागलं. उसाचा रस, हिरव्या वाटाण्याच्या शेंगा, लेकरांचे मुके. ‘शालूबाई’ अशी हाक आली की मी वळून पाही. सुरुवातीला ठरवून, मग न ठरवता. एकदा वर्ध्याला संस्थेच्या बैठकीत साहेबांनी ‘विशाखा’ म्हणून पुकारलं तर मी मागं वळून पाहिलं, ही कोण म्हणून. शेजारच्या मुली हसल्या. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि आरशात बराच वेळ पाहत राहिले, कुणीच वेगळं नव्हतं तरी.

दोन वर्षं संपली. संस्थेनं मला मोकळं केलं, वर्ध्यातली नोकरीही मिळाली. न्यायला आई आली. ती दारातून आत येईना, अंगणातच पदर तोंडाला लावून उभी राहिली. सगळं गाव जमलं होतं. अंजनाबाईंनी माझी ओटी भरली, नारळ ठेवला, हिरवं लुगडं अंगावर घातलं आणि माझ्या पाया पडल्या. आईच्या वयाची बाई माझ्या पाया पडते आहे म्हणून मी मागं सरले. “पडू दे,” त्या म्हणाल्या. “शालूबाई, तुहं साल पुरं झालं. आता सुखानं जाजो, माय. मागं वळून पाहू नको.” म्हातारे रडत होते, सुनंदा रडत होती, मलाही रडू फुटलं, कुणासाठी ते कळलं नाही. जीप सुरू झाली. तेव्हा अंजनाबाईंनी माझी हनुवटी धरली, माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं, जशा पहिल्यांदाच पाहत असाव्यात, आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, “अन् विशाखाबाई कवा येऊन राह्यली? तिचं साल कवापासून?”

गाव उत्तराची वाट पाहत थांबलं होतं, आणि जीपच्या पुढं माणसं उभी होती. माझी आई, जिनं मला ओ द्यायला बंदी केली होती, तीच पुढं झाली. तिनं माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “येईल. येईल नं बाई. पाठवतो मी.” माणसं बाजूला झाली. आई वारेपर्यंत आम्ही तो विषय कधी काढला नाही.

मी नोकरी केली, संसार केला, निवृत्त होऊन आता बोरगाव मेघेला राहते. तिकडे पुन्हा गेले नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. गेल्या महिन्यात शेजारणीची भाची सुट्टीवर आली, तीही संस्थेनं शिकवलेली, बाँडवर. मी कौतुकानं तिला चहाला बोलावलं. विचारलं, कुठलं गाव मिळालं? तिनं सांगितलं. माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. “गाव चांगलं आहे, मावशी,” ती म्हणाली. “खाऊ घालतात, जीव लावतात. फक्त मला माझ्या नावानं कुणी हाकच मारत नाही. सगळे मला विशाखाबाई म्हणतात. कुणीतरी होत्या म्हणे, साल सुरू करायच्या आधीच बिचाऱ्या वारल्या; त्यानंतर इतकी वर्षं संस्थेनं तिथं कुणाला पाठवलंच नव्हतं.” ती हसली. “आधी मी ओ देत नव्हते. आता देते. त्यात काय जातं?”

चहा तसाच राहिला. ती गेल्यावर मी कपाट उघडलं, दोन साध्या साड्या काढल्या, रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं, चष्मा पिशवीत टाकला. सून दारात येऊन उभी राहिली. “आई, या वयात कुठं निघालात?” मी म्हटलं, “माझं साल भरायचं राहिलंय. एका पोरीचं नाव सोडवून आणायचंय.”